आधी राळ, मग विष

लांजेवार मॅडमकडे कुणी लिव्हरचं औषध मागायला आलं, की त्या औषध सोडून बाकी सगळं देत. आधी पाणी, मग बसायला स्टूल, मग "रिपोर्ट आणला का?" हा प्रश्न. आणलेला असला तर कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून तो वाचत. आणलेला नसला, आणि बहुधा नसेच, तर कपाटावरची हेल्मेटं खाली काढत. हेल्मेटं दोन असत, एक त्यांचं आणि एक येणाऱ्याचं. "चला, बसा मांगं," एवढं म्हणून त्या माणसाला स्कूटीवर मागे बसवत आणि हॉस्पिटलात नेऊन सोडत. माणूस घरून निघालेला असे मधमाश्यांच्या जादूसाठी आणि उभा राहे रक्त द्यायच्या रांगेत. काही जण रांगेतून पळतही. मॅडम त्यांना शोधायला जात नसत. "मी रस्ता दाखवला, आता पाय त्याचे," म्हणत आणि तासाला वेळेवर हजर होत.

भिलाईतल्या एका फार्मसी कॉलेजात आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. मी केमिस्ट्री शिकवत असे, म्हणजे औषधात काय काय आहे ते. त्या फार्माकॉलॉजी शिकवत, म्हणजे ते पोटात गेल्यावर काय करतं ते. आमची टेबलं शेजारी होती आणि स्टाफरूममध्ये घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझं मराठी शाळेच्या पुस्तकातलं, त्यांचं भंडाऱ्याकडच्या खेड्यातलं, जसंच्या तसं. वर्गात हिंदी, कागदावर इंग्रजी आणि माझ्याशी ते. बुटक्या होत्या. सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालत. मुली हसत, पण प्रयोगशाळेत बाटली फुटली की चपला घातलेल्या मुलीच आधी किंचाळत, आणि मॅडम काचांवरून चालत जाऊन झाडू आणत.

त्यांचा विषय एकच, मधमाश्यांची राळ. मधमाशी झाडांच्या कोंबांवरून, सालीवरून चीक गोळा करते, त्यात मेण कालवते आणि पोळ्याच्या भेगा, फटी त्यानं लिंपून टाकते. इंग्रजीत त्याला प्रोपोलिस म्हणतात. तपकिरी, उन्हाळ्यात बोटांना चिकटणारी, थंडीत खडीसाखरेसारखी टचकन तुटणारी ही वस्तू. वास मंदिराच्या गाभाऱ्यासारखा. माझं काम त्या राळेतली द्रव्यं वेगळी करून ओळखण्याचं. त्यांचं काम, ती द्रव्यं यकृताला विषापासून वाचवतात का, हे उंदरांवर बघण्याचं. वाचवतात. पुष्कळ वाचवतात. इतरांनीही हे पाहिलं होतं, मॅडमनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणची राळ आणून पाहिलं. ही राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळते. त्यामुळे लिव्हर वाचवायलासुद्धा आधी दारूच लागते, हा विनोद दर वर्षीची नवी बॅच नव्यानं करी. मॅडम दर वर्षी हसत आणि मग सगळं स्पिरिट उडेपर्यंत स्वतः उपकरणापाशी उभ्या राहत. "नाईतर उंदरं पियक्कड होतीन, अन् मंग त्यायलेही हॉस्पिटलात नेऊन सोडा लागन."

माश्यांचं त्यांना कौतुक होतं, भक्ती नव्हती. मी एकदा जरा भारावून म्हणालो की निसर्गानं एवढ्याशा जिवाला काय विद्या दिली आहे पाहा. त्या म्हणाल्या, "विद्या कायची सर? माशी घराची भेग बुजवते. औषध आपण म्हणतो, थे नाई म्हणत." हे वाक्य त्या पुढं अनेकदा बोलल्या. भाषणात बोलल्या, व्हायव्हात बोलल्या, एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही बोलल्या, आणि त्यांनी तेव्हा परीक्षेला बसलेल्या मुलीला दोन गुण कमी दिले असा मुलींचा समज होता.

नेहरू नगरमध्ये त्यांच्या भावाचं घर होतं. खाली भाऊ आणि वहिनी, वरच्या खोल्यांत मॅडम. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जिन्याजवळ भिंतीवर विजेच्या मीटरचा जुना लोखंडी डबा होता. त्या डब्यात मुंगीएवढ्या, डंख नसलेल्या माश्यांनी वस्ती केली होती आणि भोकातून राळेची एक नळी, करंगळीच्या पेराएवढी, बाहेर काढली होती. मीटर बदलायला वीज खात्याचा माणूस आला तेव्हा मॅडम डब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "मैडम, हटिए, खोलना पड़ेगा." मॅडम म्हणाल्या, "इसमें किराएदार हैं." शेवटी शेजारी नवा डबा लागला, वायरी तिकडे गेल्या आणि जुना डबा माश्यांना राहिला. मी विचारलं, मग ही घरचीच राळ प्रयोगाला का नाही घेत? तर म्हणाल्या, "किरायदाराचं सामान उचलत नसतात सर."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की बाई हळव्या होत्या. तसं नव्हतं.

पल्लवी साहू नावाची एक विद्यार्थिनी होती. एम.फार्मच्या प्रबंधासाठी मॅडमच्या हाताखाली तिचा प्रयोग चालला होता. अशा प्रयोगात उंदरांचे गट करतात. एका गटाला राळेचा अर्क काही दिवस रोज पाजतात, दुसऱ्याला पाजत नाहीत. मग दोघांनाही यकृत जाळणारं विष टोचतात आणि कुणाचं किती वाचलं ते बघतात. सगळा अर्थ त्या न पाजलेल्या गटावर उभा असतो. तो जितका बिघडेल तितकं दुसऱ्याचं वाचणं खरं. पल्लवीच्या प्रयोगात न पाजलेले उंदीरही चांगले धडधाकट निघाले. मी म्हटलं विष जुनं झालं असेल. मॅडमनी विषाच्या बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. पल्लवीला बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "तूने इनको भी पिलाया?"

पोरगी रडायला लागली. घरी सगळी भाविक माणसं. एका पिंजऱ्याला प्रसाद द्यायचा आणि शेजारच्या पिंजऱ्यानं बघत बसायचं, हे तिच्यानं होईना. "मैडम, वो बेचारे इधर देखते रहते थे." म्हणून रोज थोडं थोडं त्यांनाही. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. मुलगी चांगली होती. मॅडम रागावल्या नाहीत. तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाल्या, "दया की तूने. अब ये सब बेकार गए. अब इतने ही फिर आएँगे, फिर मरेंगे. तेरी दया से." सगळा प्रयोग फेकून दिला आणि नव्यानं मांडला. दुसऱ्या खेपेला न पाजलेल्या पिंजऱ्याला पाणी घालण्याचं काम मॅडमनी पल्लवीलाच दिलं. मला तेव्हा हा दुष्टपणा वाटला होता. पल्लवी आज एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे आणि दिवाळीला मॅडमना न चुकता फोन करते.

आता भावाविषयी. नामदेवराव मॅडमपेक्षा बरेच मोठे. गावातून पहिले तेच निघाले, भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात रेल मिलमध्ये लागले, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळाल्याबरोबर धाकट्या बहिणीला शिकायला घेऊन आले. गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती. पाळीवरून आले की तिला सायकलवर पुढच्या नळीवर बसवून क्लासला सोडत, म्हणजे नाइट पाळी करून आलेला माणूस झोपायच्या आधी सुपेल्यापर्यंत सायकल मारी. हे मला मॅडमनी नाही, त्यांच्या वहिनींनी सांगितलं. मॅडम पीएच.डी. करून डॉक्टर झाल्या तेव्हा नामदेवरावांनी रेल मिलमध्ये पेढे वाटले, आणि कुणी विचारलं, "डॉक्टर म्हणजे सुई लावणारी का?" तर म्हणाले, "सुई लावणाऱ्याले शिकवणारी." हे पूर्ण खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, सुपारीसुद्धा खाल्ली नाही. साखरेचा आजार मात्र होता, वजन होतं, आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी पोट दुखतं म्हणून तपासायला गेले तर लिव्हर सुकत चाललेलं निघालं. हा त्यांना अपमान वाटला. "पिणारे मस्त फिरून राहिले, अन् मी?" असं ते भेटेल त्याला विचारत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. मॅडम जेवताना त्यांच्या पानातलं लोणचं न बोलता उचलून आपल्या पानात घेत. हॉस्पिटलात जायचं असलं की त्यांनाही म्हणत, "दादा, बस मांगं." दादा काही बसत नसत. बहिणीच्या मागं गाडीवर बसलेलं सेक्टरच्या लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील? पाय सुजलेले असले तरी ते रिक्षा शोधत उभे राहत आणि मॅडम रिक्षामागं रिकामी स्कूटी घेऊन जात.

या सगळ्यात पेपरवाला आला. कॉलेजच्या कार्यक्रमाची बातमी करायला आलेला एक तरुण वार्ताहर मॅडमशी तासभर बोलला. मॅडमनी त्याला उंदीर दाखवले, गट समजावले, भेगही सांगितली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती 'भिलाई की मैडम ने खोजी लीवर की दवा' अशा मथळ्याची. फोटो मोठा. उंदीर कुठंच नाही. मॅडमनी फोन केला. तो फार नम्रपणे म्हणाला, "मैडम, चूहा हेडिंग में अच्छा नहीं लगता." दुरुस्ती छापतो म्हणाला आणि छापलीही, आतल्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली. ती मी वाचली, मॅडमनी वाचली.

मग माणसांची रीघ लागली. हथखोजच्या कारखान्यांतून, दुर्गहून, पार राजनांदगावहून माणसं येत. कुणाचा बाप, कुणाचा नवरा. मॅडमचं म्हणणं सगळ्यांना एकच. मी उंदराला आधी राळ देते, मग विष देते. तुम्ही आधी विष घेऊन आलात. लोक मान हलवत आणि विचारत, "तो दवा कब मिलेगी?" तास बुडायला लागले तसे प्राचार्य कुरकुरले. दुसरं हेल्मेट आतून पार कळकट झालं. सुपेल्याच्या बाजारात एका दुकानदारानं कुठून तरी राळेच्या अर्काच्या बाटल्या मागवल्या आणि काउंटरच्या काचेखाली मॅडमचा फोटो, पेपरातून कापलेला, ठेवला. मी ते पाहून आलो आणि मॅडमना सांगितलं. त्या गेल्या, कात्रण काढायला लावलं. आठवड्यानं ते पुन्हा तिथंच होतं.

जानेवारीतला एक रविवार. नव्या राळेच्या तपासणीचे कागद द्यायला मी नेहरू नगरला गेलो होतो. नामदेवराव खाली पुढच्या खोलीत स्वेटर घालून बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला मॅडमची बातमी काचेच्या फ्रेममध्ये लावलेली, शेजारी आईवडिलांचा फोटो. चेहरा उतरलेला होता, डोळ्यांत पिवळट झाक होती आणि पोट स्वेटरला तटतटलं होतं. वहिनींनी कोथिंबिरीची सांबारवडी आणली. मॅडम जिन्यावरून उतरून आल्या, बसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. तिपाईवर दादांचा पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तो उचलून नाकाशी नेला. तोवर मलाही राळेचा तो वास आला होता. आम्ही दोघं रोज त्यातच तर काम करत होतो.

"दादा, हे काय घेऊन राहिला?"

"तुही दवा," नामदेवराव म्हणाले. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव अजिबात नव्हता. उलट जरा खुशीतच होते. "सुपेल्यातून आणली. तू तर देत नाई. घर की मुर्गी दाल बराबर झालो मी तुले. मंग म्हटलं आपणच आणू."

"अन् गोळ्या?"

"सोडल्या. दोन दोन दवा कायले? त्या गोळ्यायनं मले दर घंट्याले उठा लागे."

त्या गोळ्या अंगातलं पाणी काढण्याच्या होत्या. मॅडम खाली बसल्या, खुर्चीवर नाही, दादांच्या पायांपाशी जमिनीवर, आणि नडगीवर अंगठा दाबून पाहिला. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "दादा, थे दवा नोहे. थे उंदरासाठी हाय. अन् थेही आधी द्या लागते. तुह्यं लिव्हर गेलं हाय. त्याले हे काई करू शकत नाई."

नामदेवराव माझ्याकडे पाहून हसले. "पाहा सर. लहानपणापासून अशीच हाय. पहिला नंबर आला तरी सांगे, बाकीच्यायचा अभ्यास झाला नव्हता."

दुसऱ्याच्या घरच्या बोलण्यात मी पडत नाही, आणि पडलो असतो तरी उपयोग नव्हता. त्या माणसाला बहिणीचं कर्तृत्व खरं वाटत होतं आणि तिचं बोलणं विनय वाटत होता. मॅडमनी त्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी समजावलं, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. बाटली उचलून नेली तर दुसरी आली. वहिनी रडल्या. नामदेवराव सगळ्यांना एकच सांगत, "सारी दुनिया बहिणीची दवा मांगून राहिली, अन् भावानंच घेऊ नये?" स्टाफरूममध्ये मॅडम पहिल्यांदाच काही न करता बसलेल्या मी पाहिल्या. मग म्हणाल्या, "सर, थो माह्या भरोशावर मरून राहिला." एवढंच. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण मला तो ऐकवला नाही.

इथल्या मराठी लोकांचं मंडळ आहे. गणपती, हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ, असं सगळं होतं. बातमीनंतर मंडळानं मॅडमचा सत्कार ठरवला होता आणि मॅडमनी दोनदा नाही म्हटलं होतं. पुढाकार अर्थातच नामदेवरावांचा होता. त्या रविवारनंतर मॅडमनी स्वतः फोन करून कळवलं की मी येते. मंडळाला आनंद झाला. मला आश्चर्य वाटलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरी थो माह्यं ऐकत नाई. सभेत उठून तर जाणार नाई ना."

संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. बायका काळ्या साड्यांत, पुरुष जाकिटांत. पोरं हिंदीत भांडत होती आणि आया त्यांना मराठीत गप्प करत होत्या. पहिल्या रांगेत मधोमध नामदेवराव, इस्त्रीचा सदरा, पायांवर शाल. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ प्लांटातले निवृत्त अधिकारी, बोलायला लागले की थांबणं जड जाणारे. त्यांनी मॅडमना भिलाईचं भूषण, विदर्भाची लेक वगैरे सगळं म्हणून घेतलं. शाल झाली, श्रीफळ झालं. मॅडम माइकपाशी आल्या. माइक उंच होता, तो त्यांनी स्वतःच खाली ओढला.

"मी उंदरायले आधी राळ पाजतो," त्या म्हणाल्या. घरी बोलतात तसंच बोलत होत्या. "मंग विष देतो. आधी पाजलं म्हणून त्यायचं लिव्हर वाचते. उंदराचं. माणसाचं मी आजवर पाह्यलं नाई. ज्याचं लिव्हर आधीच खराब झालं, त्याच्यासाठी माह्यापाशी काईच नाई. पेपरात आलं थे खोटं हाय. माह्या कामानं आजपर्यंत एकही माणूस बरा झाला नाई."

मग सूत्रसंचालकांनी पुढं होऊन दुसरा माइक घेतला आणि म्हणाले, "काय हा विनय! खऱ्या विद्वानाचं हेच लक्षण असतं!" आणि टाळ्या सुरू झाल्या. चांगल्या जोरदार टाळ्या. नामदेवराव सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होते.

मॅडमनी हात वर केला. टाळ्या थांबायला वेळ लागला. "विनय नोहे हा," त्या म्हणाल्या. "माह्या नावानं कोणी बाटली घेऊन राहिला असन, अन् त्याच्यापायी डॉक्टरच्या गोळ्या सोडल्या असन, तर थो माणूस मरन. मी सांगून राहिली, थो मरन. अन् थे पाप माह्यं राहीन." आता त्या पहिल्या रांगेकडेच पाहत होत्या. "दादा, तू मले सायकलवर बसवून शिकवलं. मंग मी जे शिकली, थे तरी खरं मान."

टाळी वाजली नाही. नामदेवराव उठले. शाल पायांवरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. सगळ्या गावासमोर ज्या बहिणीला त्यांनी उभं केलं होतं, तिनं सगळ्या गावासमोर स्वतःलाच खाली उतरवलं होतं, आणि तेही त्यांचं नाव घेऊन. सुजलेल्या पायांनी ते मधल्या वाटेनं दरवाज्यापर्यंत गेले. मदतीला कुणी उठलं नाही, कारण नक्की काय झालं हे कुणालाच कळलं नव्हतं. सूत्रसंचालकांनी तिळगूळ वाटायला सांगितलं. मॅडम नारळ हातात धरून तशाच उभ्या होत्या. मी पुढं जाऊन तो घेतला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

मंडळात यावर पुष्कळ बोलणं झालं. एवढा मान दिला आणि बाईंनी पाणी फिरवलं, असा एकूण सूर. काहींचं म्हणणं, घरात औषध आहे पण सख्ख्या भावाला देत नाही, यात काही तरी असणार. माणसाला दुसऱ्याच्या घरचं काही तरी नेहमीच दिसतं.

नामदेवरावांनी बहिणीशी बोलणं सोडलं. फ्रेम भिंतीवरून उतरवली. तिथं चुन्याचा पांढरा चौकोन राहिला. बाटली मोरीत ओतली आणि गोळ्यांचा डबा मागून घेतला. "तिच्या दवेत दम नाई म्हणते ना? मंग घेतो डॉक्टरच्या," असं वहिनींना म्हणाले. रागानं घेतल्या, पण घेतल्या. काही बोलायचं झालं तर वहिनींमार्फत बोलत. समोर बहीण उभी असली तरी म्हणत, "तिले सांग, चहात पत्ती जास्त हाय." मॅडम परस्पर चहा बदलून आणत. मी एकदा म्हटलं, येईल राग निवळून. त्या म्हणाल्या, "नाई निवळला तरी चालन सर. लघवी साफ होऊन राहिली." फार्माकॉलॉजीच्या बाईंनी द्यावं तसं उत्तर होतं ते. पण चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला आणि तो गार झाला.

मार्चमध्ये मला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी भिलाई सोडली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काही कामानं सुपेल्याच्या चौकात सिग्नलला उभा होतो. माझ्या मोटरसायकलच्या पुढंच एक स्कूटी होती. साडीखाली कॅनव्हासचे बूट दिसले म्हणून मी ओळखलं. मागच्या सीटवर, ते कळकट हेल्मेट डोक्यात घट्ट बसलेलं, मांडीवर रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी, असे नामदेवराव बसले होते. बहिणीला धरलं नव्हतं. दोन्ही हातांनी मागचा दांडा पकडला होता आणि तोंड दुकानांकडे. पोट पुष्कळ उतरलं होतं. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही.

इतक्यात शेजारी एक जण मोटरसायकल घेऊन थांबला. मागं गॅसचं सिलिंडर बांधलेलं. त्यानं मॅडमकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आप वो पेपर वाली मैडम हैं न? लीवर की दवा वाली? मेरे पिताजी का..."

मॅडमनी हेल्मेटची काच वर केली. पण त्यांच्या आधी मागूनच उत्तर आलं.

"दवा नहीं है," नामदेवराव म्हणाले. आवाज चांगला खणखणीत, रेल मिलमध्ये मशीनच्या वर जाणारा. "चूहों की है. वो भी पहले देनी पड़ती है. बाप को डॉक्टर के पास ले जाओ, रिपोर्ट निकालो."

"पर पेपर में तो..."

"पेपर झूठा है. ये मेरी बहन है. इसने खुद बोला है, भरी सभा में. सारे लोग ताली बजा रहे थे, फिर भी बोला है."

सिग्नल हिरवा झाला. मोटरसायकलवाला निघून गेला, दोन्ही बाजूंनी रिक्षा निघाल्या, मागून हॉर्न वाजायला लागले. स्कूटी हलेना. मॅडम काच वर करूनच बसल्या होत्या, समोर बघत. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

नामदेवरावांनी दांड्यावरचा एक हात सोडला आणि त्यांच्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं.

"चाल वं कुंदे," ते म्हणाले, "हिरवा झाला."